मालक शर्यतीला गेले आहेत

दादा रस्त्यावर चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. किन्हवलीच्या रस्त्याने शहापूरला येताना मागून डंपर हॉर्न देत, जीप शिव्या देत निघून जायच्या, आणि दादा आपले डाव्या कडेने, वळण्याआधी बरंच अंतर हात बाहेर काढून, शाळेत जाणाऱ्या मास्तरासारखे चाललेले असायचे. नवख्या माणसाला सांगितलं, की हा गृहस्थ वर्षातून चार वेळा मद्रासकडच्या ट्रॅकवर जाऊन दीडशेच्या वेगाने मोटारसायकल पळवतो, तर तो आमच्याकडे बघून हसायचा.

त्यांची भातगिरणी होती. किन्हवली सोडून मुरबाडच्या अंगाला निघालं की उजव्या हाताला पत्र्याची शेड, दारात तुसाचा ढीग, आत पट्ट्यावर चालणारं जुनं डिझेल इंजिन. ते इंजिन हँडल मारून सुरू करायचं आणि ते फक्त दादांनाच जमायचं. त्यामुळे दादा नसले की गिरणी बंद. दारावर एक फळी टांगलेली असायची, तिच्यावर खडूने लिहिलेलं: ‘गिरणी बंद आहे. मालक शर्यतीला गेले आहेत.’ ऐन कापणीनंतर, नवीन भात घरात आल्यावर, डोक्यावर पोती घेऊन चार-चार मैलांवरून आलेल्या बायका ती फळी बघायच्या आणि दादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. दादांची बायको दारात उभी राहून तो सगळा ऐकायची. ती एकदा मला म्हणाली, “भावजी, इथनं दोन दिस गाडीनं जायचं, तिथं गोल गोल फिरायचं, आनि जिथनं निघाला तिथंच परत यायचं. याला शर्यत बोलतात का?”

माझी त्यांची ओळख झाली तीही या चाळीसच्या वेगामुळेच. मी तेव्हा बावीस वर्षांचा, आसनगावच्या एका कारखान्यात फिटर. पहिल्या पगारांतून घेतलेली शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी होती आणि अंगात मस्ती होती. एका रविवारी मी त्यांना नव्वदने ओव्हरटेक केलं, तेही मुद्दाम अगदी हँडलला घासून. पुढे चहाच्या टपरीवर थांबलो. दहा मिनिटांनी दादा आले, गाडी स्टँडला लावली, माझ्या गाडीजवळ गेले आणि वाकून सायलेन्सरचा वास घेतला.

“तेल जास्त टाकतोस,” ते म्हणाले. “आनि घाबरट हायस.”

“मी? घाबरट?”

“इथं रस्त्यावर म्हशी असतात, शाळेची पोरं असतात. ती काय तुज्याशी शर्यत लावत नाय. जो लावनार नाय त्याला मागं टाकतोस, म्हंजे घाबरटच ना? गिरणीवर ये. तुला तुज्यापेक्षा जोरात पळनारे दाखवतो.”

मी रागाने गेलो, त्यांना दोन शब्द सुनवायला. आणि मग सोळा वर्षं जात राहिलो, दर रविवारी.

पावसाळ्यात गिरणीला काम नसायचं, तेव्हा आम्ही इंजिनं उघडायचो. मी फिटर म्हणून सिलिंडरची भोकं घासून मोठी करायचं काम माझ्याकडे. दादा मोजमाप कधी घ्यायचे नाहीत. डोळे मिटून बोट आत फिरवायचे आणि सांगायचे, “हितं जरा बोचतंय.” मी पट्टीने मोजायचो तर खरंच तिथे फरक सापडायचा. प्लग काढला की आधी हुंगायचे, मग बघायचे. इंजिन चालू असताना गिरणीच्या खांबाला कान लावून उभे राहायचे आणि आम्हाला गप्प बसवायचे. सुभाष तर म्हणायचा, दादा गाडीला ताप आलेल्या पोरासारखं तपासतात.

सुभाष म्हणजे आमच्यातला तिसरा. खर्डीचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, हाडापेराने काटक, आणि खरं सांगायचं तर आमच्या तिघांत खरा शर्यतवाला तोच. दादा अनुभवावर पळवायचे, मी हट्टावर. सुभाषला ते येतच होतं.

आमची शर्यतीला जायची पद्धत आता कुणाला सांगितली तर खोटी वाटेल. गाड्यांतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, कारण रेल्वेचे लोक टाकी हुंगून बघत. मग तूस भरलेल्या पोत्यांनी गाड्या बांधायच्या, टेम्पोने कल्याणच्या पार्सल ऑफिसला न्यायच्या, आणि त्यांच्यामागे आपण जनरलच्या डब्यातून. तिथे पोचलो की मोठमोठ्या टीम व्हॅनमधून उतरलेल्या असायच्या, त्यांचे मेकॅनिक, त्यांच्या छत्र्या, त्यांच्या एकसारख्या टोप्या. आम्ही ताडपत्री अंथरून बसायचो. आमचे चामड्याचे सूट मुरबाडच्या चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने शिवलेले होते. त्याने मोटारसायकलची शर्यत जन्मात पाहिली नव्हती, पण गुडघ्याला कुठे चामडं दुहेरी लावायचं हे दादांनी त्याच्यासमोर जमिनीवर आडवं होऊन दाखवलं होतं. दादांच्या पिशवीत तीन दिवसांच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट असायची. सुकटीचा वास साऱ्या आवारात पसरायचा. पहिल्या वर्षी लोकांनी नाकं मुरडली. तिसऱ्या वर्षी बंगलोरचे पोरगे आमच्या ताडपत्रीवर येऊन मागून खाऊ लागले.

शर्यतीच्या सकाळी दादा सगळा ट्रॅक अनवाणी चालायचे. सगळा. आम्हालाही चालायला लावायचे. पायाला जिथे डांबर गुळगुळीत लागेल तिथे थांबून म्हणायचे, “हितं गाडीला काय सांगायचं नाय, ब्रेक नाय, गिअर नाय. हितं नुसतं बसून ऱ्हायाचं.” उन्हाने तळवे भाजायचे. आयोजकांतला एक जण त्यांना साधू म्हणायचा. दादांना ते आवडत नसे. “साधू कशाला? बैल घेताना मानूस खूर बघत नाय का?” एवढंच बोलायचे.

त्यांना कप कधीच मिळाला नाही. पाचवे, सातवे, एकदा चौथे. मला वाटतं त्यांना जिंकायचं होतं, खूप होतं, फक्त त्यासाठी जे थोडं वेडं व्हावं लागतं ते त्यांना जमायचं नाही. वळणाच्या आत कुणी पडलेला दिसला की त्यांचा हात आपोआप वर जायचा, मागच्यांना सावध करायला. हात वर गेला की गाडी मंदावते. त्या एका हाताने त्यांचे किती नंबर गेले असतील, त्यांनी मोजले नाहीत.

आता ती शर्यत सांगतो. तिच्याशिवाय दादांबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

दोन फेऱ्या उरल्या होत्या. दादा दुसरे होते, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्यामागे दोन परगावचे, मग मी पाचवा, आणि माझ्या मागच्या चाकाला चिकटून सुभाष. पहिल्या गाडीचं इंजिन एका डाव्या वळणाच्या तोंडावर फुटलं आणि गिअरचं तेल डांबरावर सांडलं. दादा त्यावरून घसरले, पण पडले नाहीत, गवतात गेले. धोक्याचा पिवळा झेंडा अजून वर आला नव्हता. मी वळणावर पोचलो तेव्हा दादा गाडी तशीच टाकून ट्रॅकच्या कडेला धावत आले होते, आणि दोन्ही हात हलवत होते, उधळलेले बैल अडवतात तसे.

मला कळलं. याबद्दल मी स्वतःला पुष्कळ वर्षं फसवलं, की एवढ्या वेगात काय कळतं माणसाला. पण कळलं होतं. दादा उगाच गाडी सोडणार नाहीत, म्हणजे खाली काहीतरी आहे, हे मला त्या अर्ध्या क्षणात स्वच्छ कळलं. आणि हेही कळलं, की पहिला आणि दादा बाद झाले आहेत आणि मी तिसरा आहे. मी आतली बाजू धरली, तेल चुकवलं. सुभाष माझ्यामागे होता. मी हात वर केला नाही.

सुभाष तेलावरून गेला आणि त्याच्या डाव्या पायाच्या हाडाचे तीन तुकडे झाले.

मला तिसरा नंबर मिळाला. शर्यत चालू असताना ट्रॅकवर धावले म्हणून दादांना बाद केलं. कुणी वाद घातला नाही, नियमच तसा होता. माझी रजा संपली होती म्हणून मी कप घेऊन परत आलो. दादा तिथे दवाखान्यात सुभाषजवळ राहिले. बारा दिवस. इकडे नवीन भात घराघरांत पडून होतं आणि गिरणीवर फळी लटकत होती. सुभाषची आई खर्डीहून निघणार होती, तिला दादांनी निरोप पाठवला की येऊ नका, भाषा कळत नाय हितली, मी हाय. त्यांना तरी कुठे कळत होती? पण नर्सबाईंना हातवारे करून ते पोराला पेज करून घ्यायचे, असं सुभाष नंतर सांगायचा.

परत आल्यावर मला वाटलं होतं, आता दादा बोलतील. त्यांनी माझा कप मागून घेतला, गिरणीत इंजिनाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि भात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला लागले. “आपल्या तालुक्यात कप आला! ह्या पोरानं आनला!” तुसाची धूळ त्याच्यावर बसायची, ते सदऱ्याने पुसायचे. मी समोर असलो की मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

सुभाष पुन्हा शर्यतीत उतरला नाही. खर्डी स्टेशनबाहेर रिक्षा लावतो, अजून. चालताना पाय ओढतो. मी आणखी काही वर्षं पळवली, पण त्यानंतर कधी पहिल्या दहात आलो नाही. एकदा गळपट्टीचं हाड मोडलं, तिथे स्टीलची पट्टी बसवली, ती थंडीत अजून दुखते. दादा पन्नाशीनंतर थांबले. वहिनी गेल्यावर गिरणीही थांबली. आता गावात विजेवरची आहे. शर्यतीने काय दिलं, असं माझी बायको अधूनमधून विचारते. भांडायला नाही, सहज, खांद्याला मलम लावता लावता. मी म्हणतो, दुखणं दिलं. ती हसते. आम्ही दोघंही थकलोय त्या प्रश्नाने.

गेल्या पौषात दादांच्या लेकीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर माहेरीच राहते, गावच्या अंगणवाडीत शिकवते.

“काका, बाबांना समजवा. डोळ्याचा डॉक्टर बोलला काचबिंदू हाय. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. तरी गाडी सोडत नायत. परवा सरळ शेतात गेले. वर बोलतात, रस्ता वळला ते मला कुणी सांगितलं नाय.”

“माझं ऐकतील?”

“दुसऱ्या कुनाचं तर नायच ऐकत.”

मी गेलो. दादा ओट्यावर बसून बूट घालत होते. बहात्तरीचे, सुकलेले, पण बुटाची नाडी त्याच जुन्या काळजीने दोनदा गाठ मारून. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं मी कशाला आलोय ते.

“म्हशाला चाललोय. जत्रा भरलीय. बैल बघून येऊ,” ते म्हणाले. “बस मागं. काय बोलायचं ते वाटेत बोल.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी बसलो. दुसरं काय करणार होतो? वाटलं, मागे असलो तर निदान डोळे तरी दोघांचे होतील.

इतकी वर्षं ज्याच्या मागे मी विश्वासाने पळलो, त्याच्या मागे बसून मला त्या दिवशी भीती वाटली. वेग तोच, चाळीसच्या आत. समोरचं सगळं त्यांना नीट दिसत होतं. खड्डे तर ते आधीच चुकवत होते. पण उजवी-डावी त्यांच्यासाठी उरलीच नव्हती. सरळगाव मागे पडलं आणि डाव्या हाताच्या वाडीतून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्यावर आली. दादांची मान हललीसुद्धा नाही.

“दादा! डावीकडं! बाई!”

त्यांनी ब्रेक मारला. त्यांचा हात अजून पक्का होता. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मोळीपासून हातभर अंतरावर. बाई घाबरून ओरडली, “दिसत नाय काय रे तुला?” आणि मग म्हातारा माणूस बघून जरा नरमली, पुटपुटत निघून गेली.

दादांनी गाडी कडेला घेतली. मोरीच्या कठड्यावर बसले. मीही बसलो. जत्रेला चाललेले टेम्पो आमच्यासमोरून जात होते, मागे बांधलेले बैल माना हलवत होते.

“नव्हतीच ती,” ते म्हणाले. “माज्यासाठी ती नव्हतीच रे. तू आरडलास म्हनून वाचली.”

ते ऐकलं आणि माझ्या तोंडातून निघालं. ठरवलेलं नव्हतं.

“दादा, तवा तुमी हात करत व्हते ना, सुभाष पडला तवा. मला कळलं व्हतं.”

“म्हाईत हाय.”

“मागं सुभाष हाय हे पण म्हाईत व्हतं मला. मी हात वर नाय केला.”

“म्हाईत हाय बोललो ना. तुजा हात बघत व्हतो मी.” ते रस्त्याकडेच बघत होते. “तुज्या आदी दोघं गेले, त्यांनी पन नाय केला. पन त्यांच्या हाताची वाट मी बघत नव्हतो.”

“मग बोलले का नाय कधी? एवढी वर्षं? वर तो कप दाखवत बसले सगळ्यांना.”

“बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. एक पोरगा पायानं गेला व्हता. दुसरा पन घालवू?” मग जरा थांबून, “आनि कप खरा व्हता. गाडी तू चांगली काढलीस त्या वळनातनं. ते पन खरं हाय.”

मी रडलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, मोरीवर बसून. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ते तसले नव्हतेच. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.

“मला सांगून काय उपेग?” म्हणाले. “खर्डीला जा.”

“जाईन.”

“कधी?”

“जाईन दादा. ह्याच आठवड्यात.”

गेलोही. रिक्षा स्टँडवर सुभाषने माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढ्यात लोकल आली, पॅसेंजर आले, तो रिक्षा काढून निघून गेला. मी तासभर थांबलो, तो स्टँडवर परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. माझ्याबद्दल काही नाही. दादांचे डोळे कसे आहेत, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, एवढंच विचारलं, आणि म्हणाला, दवाखान्यात न्यायचे असतील तेव्हा सांग, रिक्षा घेऊन येतो. मी ते तसंच घेतलं. त्याहून जास्त मागण्याचा मला हक्क नाही.

पण मोरीवरचं सांगायचं राहिलं. दादा उठले, कमरेवर हात ठेवून त्यांनी म्हशाच्या दिशेला एकदा बघितलं. धूळ उडत होती तिकडे. मग खिशात हात घालून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

“इथनं तू चालव. घरी चल.”

“आणि बैल?”

“बैल काय बाजूनंच बघायचे असतात,” ते म्हणाले. “समोरून शिंगं दिसतील नुसती.”

मी गाडी फिरवली. आयुष्यात मी त्यांना कुणाच्या मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी एक पाय उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. सीटवर आले तरी पाय कुठे टेकवायचे ते सापडेना. मी खाली वाकून मागचे फुटरेस्ट हाताने उघडून दिले. मी चाळीसच्या वर गेलो नाही. वाटेत ते मला एकदाही काही म्हणाले नाहीत, गिअरबद्दल नाही, लाईनबद्दल नाही. फक्त प्रत्येक वळणाआधी माझ्या पाठीमागे त्यांचं अंग आपोआप त्या बाजूला कलत होतं, माझ्याही आधी. दिसत नसलेलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं.

घरासमोर थांबलो. लेक दारात येऊन उभी होती. बाप मागे आणि मी पुढे बघून तिने तोंडावर पदर धरला. मी स्टँड लावला, उतरलो. दादा तसेच बसून राहिले.

“उतरा, दादा. घर आलं.”

“हां,” ते म्हणाले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पाय कुठल्या बाजूने काढायचा ते कळेना. मग जरा ओशाळून लेकीला म्हणाले, “मागनं कसं उतरायचं गो?”

ती पुढे झाली आणि तिने खांदा दिला.